टेक्सास फ्लड: स्टीव्ही रे वॉनच्या पहिल्या अल्बमबद्दल नेहमी येणारे प्रश्न

गिटारवाल्या दोस्तांच्या ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा.

आधी बेसिक सांगा. कोणाचा अल्बम, कधीचा?

स्टीव्ही रे वॉन, टेक्सासमधल्या डॅलसचा ब्लूज गिटारवाला आणि गायक, जन्म १९५४. अल्बम जून १९८३ मधे एपिक कंपनीने काढला. दहा गाणी, त्यातली तीन नुसती वाद्यावरची, सगळं मिळून चाळीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. बँडचं नाव डबल ट्रबल, ते ओटिस रश या ब्लूज गायकाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. माणसं तीनच: गिटार आणि गाणं स्टीव्ही, ड्रम्सवर ख्रिस लेटन, बेसवर टॉमी शॅनन. हा शॅनन म्हणजे आधी जॉनी विंटर या ब्लूज गिटारवाल्याबरोबर वाजवणारा, १९६९ च्या वुडस्टॉक या मोठ्या संगीत महोत्सवात स्टेजवर होता. पहिला अल्बम म्हणून नवखी पोरं समजू नका, ऑस्टिनच्या क्लबांमधे वर्षानुवर्षं रात्ररात्र वाजवून तयार झालेली मंडळी होती ही.

मला ब्लूजमधलं काही कळत नाही, सगळी गाणी सारखीच वाटतात. तरी ऐकू का?

सारखीच असतात, खोटं कशाला बोला. बारा बारचा (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एक ढाचा, तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), फिरून परत तिथेच. पण ढाचा ठरलेला असला की आपलं लक्ष आपोआप वाजवणाऱ्याच्या हाताकडे जातं, पुढे कुठली कॉर्ड येणार याची उत्सुकता राहतच नाही, ती तो कशी मारणार याची राहते. मजा तिथे आहे.

सुरुवात पहिल्या गाण्यापासून करू नका. 'लव्ह स्ट्रक बेबी' छान आहे, अडीच मिनिटांचं धावतं रॉक अँड रोल, पण त्यावरून अल्बमचा अंदाज येत नाही. आधी दोन नंबरचं 'प्राइड अँड जॉय', मग आठवं 'डर्टी पूल', मग शेवटचं 'लेनी'. एक शफल (लंगडत उड्या मारल्यासारखा ठेका, पुढे सांगतोच), एक संथ आणि काळोखं, एक एकदम हळुवार. ही तीन आवडली तर बाकीची सात आवडणारच, आणि तिन्ही नाही आवडली तर सोडून द्या, जबरदस्ती नाही.

तीन दिवसांत रेकॉर्ड झाला म्हणतात ते खरं की फेकाफेकी?

खरं आहे. नोव्हेंबर १९८२, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचे दिवस. जॅक्सन ब्राऊन या गायकाने लॉस एंजेलिसमधला आपला डाउनटाउन स्टुडिओ यांना फुकट वापरायला दिला होता. स्टुडिओ म्हणजे डोळ्यासमोर काचेची केबिन वगैरे आणू नका, मोठं गोदाम, सिमेंटची जमीन, त्यावर टाकलेल्या सतरंज्या. तिघं गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसले आणि क्लबमधे वाजवायचे तसं वाजवलं. गिटारवर गिटार चढवायचा प्रकार जवळजवळ नाहीच. गाण्याच्या आवाजाचं काम नंतर ऑस्टिनच्या रिव्हरसाइड साउंडमधे झालं.

आणि मुख्य म्हणजे हा अल्बम आहे हे वाजवताना त्यांना माहीतच नव्हतं! हातात रेकॉर्ड कंपनीच नव्हती. डेमो टेप करत होते, कुणाला तरी ऐकवायला. तोच डेमो पुढे अल्बम म्हणून आला. म्हणून त्यात ती 'आता आपण अल्बम काढतोय हं' वाली अवघडलेली पॉलिश नाही. इतर पहिल्या अल्बमांत निर्माता नव्या पोरांना घडवत बसतो, इथे पोरं आधीच घडलेली आणि इंजिनिअर रिचर्ड म्युलनने शहाण्यासारखं फक्त माइक नीट लावले.

त्याआधी माँत्रोला लोकांनी हूटिंग केलं होतं ना?

हो. १७ जुलै १९८२, स्वित्झर्लंडचा माँत्रो जॅझ फेस्टिव्हल. जेरी वेक्सलर नावाच्या मोठ्या निर्मात्याने शिफारस केली म्हणून बिनकंपनीचा हा बँड तिथे पोचला. त्या रात्री लोक शांत, अकूस्टिक ब्लूज ऐकायच्या मूडमधे बसलेले आणि हा माणूस अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) फुल करून सुटला. काही लोकांनी चक्क बूऽऽ केलं. पुढे त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बाजारात आलं त्यात ते स्वच्छ ऐकू येतं.

आता गंमत बघा. त्याच कार्यक्रमात डेव्हिड बोवी हा इंग्लिश पॉपस्टार होता, त्याला हा गिटारवाला आवडला. जॅक्सन ब्राऊन पण तिथेच भेटला, स्टुडिओ फुकट मिळाला तो त्यातून. आणि त्याच रात्री वाजवलेलं 'टेक्सास फ्लड' नंतर 'ब्लूज एक्स्प्लोजन' नावाच्या संग्रहात गेलं आणि त्या संग्रहाला ग्रॅमी मिळालं. हूटिंग करणाऱ्यांचं काय झालं कोणास ठाऊक.

बोवीबरोबर वाजवलं म्हणून फेमस झाला असं माझा भाऊ म्हणतो.

भावाचं अर्धं बरोबर. बोवीच्या 'लेट्स डान्स' अल्बमवर गिटार स्टीव्हीची आहे, ते एप्रिल १९८३ मधे आलं आणि जगभर वाजलं. सिंथेसायझर, ड्रम मशीनच्या त्या दिवसांत डान्सच्या गाण्यात मधेच अल्बर्ट किंग या ब्लूज गिटारवाल्याच्या स्टाइलचे वाकवलेले सूर ऐकून लोक विचारायला लागले, हा कोण? तेवढा फायदा नक्की झाला. पण बोवीच्या वर्ल्ड टूरवर तो गेलाच नाही. तालमी झाल्या होत्या, निघायची वेळ आली आणि पैशावरून, स्वतःच्या बँडला काही वाव मिळणार की नाही यावरून बिनसलं, हा बाहेर पडला. आपला अल्बम यायला काही आठवडे असताना एवढी मोठी टूर सोडायची याला डेअरिंग लागतं, किंवा मूर्खपणा, त्या वेळी लोकांना मूर्खपणाच वाटला असणार.

जॉन हॅमंडचं नाव येतं ते कोण?

बिली हॉलिडे, काउंट बेसी, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन या सगळ्यांना पुढे आणण्यात ज्याचा हात होता तो म्हातारा. टेप त्याच्यापर्यंत पोचली, त्याने एपिककडे शब्द टाकला, अल्बमवर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणून नाव त्याचंच आहे. एवढ्या जणांना ऐकलेल्या माणसाने ही टेप ऐकून 'परत नीट रेकॉर्ड करा' म्हटलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

'प्राइड अँड जॉय'मधे एवढं काय आहे? सोलो तर ठीकठाकच आहे.

बरोबर पकडलंत, सोलोत नाहीच ते. माझं तर म्हणणं आहे की या अख्ख्या अल्बमची किल्ली त्याच्या उजव्या हातात आहे आणि लोक डाव्याकडे बघत बसतात.

जरा सावकाश ऐका. सुरुवातीला एकटी गिटार, मग बँड घुसतो. आता कान गिटारच्या ऱ्हिदमवर ठेवा. शफल म्हणजे काय, तर एका ठोक्याचे तीन भाग करायचे आणि मधला गाळायचा, राहतो तो लंगडत उड्या मारल्यासारखा ठेका. बहुतेक गिटारवाले शफल वाजवतात तेव्हा दोन जाड तारांवर टुकटुक टुकटुक करतात, झालं. हा काय करतो, पिक (तारा छेडायची चकती) खाली जाताना जाड तारेवर चालता बेस वाजवतो, आणि पिक वर येताना बारीक तारांवर एक झटका मारतो, पण डाव्या हाताने त्या तारा दाबून मुक्या केलेल्या, त्यामुळे सूर न येता 'चक्' असा आवाज येतो. म्हणजे एकाच हातातून डग्गा पण चाललाय आणि चाटेवरची थाप पण. ड्रमर बंद केला तरी ठेका पडणार नाही अशी वीण.

आणि हे करताना तोंडाने गातोय! कधी करून बघा. बेस चालू ठेवून झटका योग्य जागी पडला तर गाण्याचे शब्द पुढेमागे होतात, शब्द सांभाळले तर झटका चुकतो.

नववं 'आय अॅम क्राइंग' ऐका लगेच, जवळजवळ तोच शफल आहे. काही लोक याला कॉपी म्हणतात, मला वांधा नाही.

टायटल गाणं तर त्याचं स्वतःचं नाहीच म्हणे?

नाहीच. लॅरी डेव्हिस नावाच्या गायकाने १९५८ मधे ड्यूक कंपनीसाठी रेकॉर्ड केलेलं, त्यावर गिटार फेंटन रॉबिन्सनची. मूळ जरूर ऐका, पंधरा मिनिटं काढून दोन्ही लागोपाठ ऐका म्हणजे कळेल स्टीव्हीने काय ठेवलंय आणि काय वाढवलंय. गाण्याची ढब त्याने बरीचशी लॅरी डेव्हिसचीच ठेवलीय. गिटार मात्र मुळात गाण्याच्या मागेमागे जाते आणि इथे ती गायकाला बोलूच देत नाही, ओळ संपायच्या आत उत्तर तयार. संथ ठेका आहे, पाच मिनिटांच्या वर गाणं, त्यामुळे एकेका सुराला वाकवून वर नेऊन तिथे तो थरथरत कसा ठेवतो ते निवांत ऐकता येतं. स्टेजवर हेच गाणं तो गिटार पाठीमागे धरून वाजवायचा, टोरंटोच्या एल मोकॅम्बो क्लबमधला १९८३ चा व्हिडिओ आहे, बघा. पण आधी डोळे मिटून अल्बमवालं ऐका, नाहीतर सर्कसच लक्षात राहते.

दुसऱ्यांची अजून तीन आहेत. 'टेल मी' हाऊलिन वुल्फचं, 'टेस्टिफाय' आयझली ब्रदर्सचं, ज्यावर मुळात तरुण जिमी हेंड्रिक्सने गिटार वाजवली होती, आणि 'मेरी हॅड अ लिटल लॅम' बडी गायचं.

ते नर्सरीतलं मेंढीचं गाणं? सिरियसली?

सिरियसली. शिशुवर्गात हात हलवत म्हटलेलं तेच. बडी गायने १९६८ मधे त्याचा ब्लूज केला होता, स्टीव्हीने तो उचलला. शब्दांकडे लक्ष देऊ नका, ओळींच्या मधल्या फटीत गिटार किती कमी वाजते ते ऐका. इतका वेगाने वाजवू शकणारा माणूस इथे चार सूर टाकून गप्प बसतो. मला हा ट्रॅक फार आवडतो आणि मित्र हसतात.

बडी गायला आपल्याकडच्या लोकांनी समोर बघितलंय हं, २०११ ला मुंबईत बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला त्यात तो आला होता. तिथे गेलेल्यांना हे गाणं वेगळंच लागणार.

तो टोन कसा आणायचा? कुठला पेडल घेऊ?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त पैसे वाया घालवणारा. सामान सांगतो: गिटार म्हणजे घासून घासून लाकूड दिसायला लागलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर, तिला तो 'नंबर वन' म्हणायचा. गिटार उजव्या हाताची आणि तिच्यावर ट्रेमोलोचा दांडा (दाबला की सूर हलवणारा) मात्र डावखुऱ्यांचा, म्हणजे वरच्या बाजूला. फेंडरचे अँप, शिवाय स्टुडिओत जॅक्सन ब्राऊनचा डम्बल अँप होता तो वापरला. पेडल (पायाने चालू-बंद करायची, गिटारचा आवाज बदलणारी डबी) म्हणाल तर आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, तोही जेमतेम ढकलायला. आवाज बराचसा मोकळाच आहे, लोकांना वाटतं तेवढं डिस्टॉर्शन त्यात नाही.

आणि तारा. आपण दुकानातून नाइनचा नाहीतर टेनचा सेट (नंबर म्हणजे तारेची जाडी) आणतो, हा थर्टीन लावायचा. एवढ्या जाड तारा वाकवायच्या म्हणून गिटार अर्धा सूर खाली लावलेली, तरी बोटांची सालं निघायची, मग सुपरग्लू लावून वाजवायचा असे किस्से आहेत. तुम्ही हे करू नका. पुढे त्याला स्वतःला सुद्धा वरची तार बारीक करावी लागली.

ट्यूब स्क्रीमर घ्या, चांगला पेडल आहे, कुठेही कामाला येतो. पण तो लावून तुम्ही तुमच्यासारखेच वाजणार. मनगट ढिलं सोडून खांद्यापासून जोराने मारायला आणि नको त्या तारा डाव्या हाताने गप्प ठेवायला जमलं तर हजार-दोन हजाराच्या प्रॅक्टिस अँपवर पण जवळपास जाता येतं.

हेंड्रिक्सची कॉपी आहे असं वाचलं.

हेंड्रिक्स आहेच, 'लेनी'त तर उघड आहे. पण या अल्बमवर त्याहून जास्त अल्बर्ट किंग आहे, सूर वाकवायची ती पद्धत, एक सूर धरून त्याचाच जीव घ्यायची. सहावं 'रूड मूड' लाइटनिन हॉपकिन्सच्या एका तुकड्यावरून सुचलेलं. शिवाय मोठा भाऊ जिमी वॉन, फॅब्युलस थंडरबर्ड्सचा गिटारवादक, लहानपणी याने त्याचंच बघून वाजवायला घेतलं. उसनं बरंच घेतलंय आणि कुणाकडून घेतलंय ते त्याने कधी लपवलं नाही, मुलाखतींत गुरूंची नावं घेत राहायचा. नुसती कॉपी असती तर अल्बर्ट किंग स्वतः याच्याबरोबर कॅनडात टीव्हीसाठी वाजवायला बसला नसता, तेही याच वर्षी, डिसेंबर १९८३ मधे.

'लेनी'ची गोष्ट काय आहे?

बायकोचं नाव लेनोरा, घरी लेनी. एका पॉन शॉपमधे, म्हणजे वस्तू गहाण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानात, त्याला एक जुनी स्ट्रॅटोकास्टर दिसली, किंमत साडेतीनशे डॉलर, खिशात तेवढे नव्हते. बायकोने मित्रांकडून पन्नास पन्नास डॉलर गोळा केले आणि १९८० च्या वाढदिवसाला ती गिटार दिली. त्याच गिटारवर हे गाणं बसवलं आणि गिटारचं नाव पण लेनीच पडलं. लग्न पुढे मोडलं. २००४ मधे ती गिटार लिलावात सहा लाख तेवीस हजार पाचशे डॉलरला गेली.

गोष्ट माहीत नसती तरी चाललं असतं. शब्द नाहीत, जॅझच्या अंगाने जाणाऱ्या कॉर्ड, ट्रेमोलोचा दांडा हलकेच दाबून प्रत्येक कॉर्डच्या शेपटीला दिलेली लाट. नऊ गाणी तारा तोडायच्या बेताने वाजवल्यावर हा असाही वाजवतो हे कळतं.

कुठलं गाणं कमी वाटतं?

'टेस्टिफाय'. भयंकर अवघड आहे, वाजवणाऱ्याला सलाम, पण मला ते प्रॅक्टिस ऐकल्यासारखं वाटतं. 'रूड मूड' पण वेगाचंच आहे पण त्यात शफलची उडी आहे, त्यामुळे पाय हलतो. याउलट 'डर्टी पूल' लोक गाळतात, ते गाळू नका. डॉयल ब्रॅमहॉलबरोबर लिहिलेलं आहे. पाच मिनिटं तो कॉर्डच्या तारा भराभर पिक करत एक थरथरती चादर पसरून ठेवतो आणि त्यावर गातो, परत सगळं काम उजव्या हाताचंच.

आणि आवाज? गायक म्हणून कसा?

लोक गिटारच्या नादात विसरतात, पण चांगला गातो. थोडा घशातून, थोडा बेफिकीर. मोठी रेंज वगैरे नाही.

चालला का हा अल्बम तेव्हा?

ब्लूजच्या मानाने तुफान. बिलबोर्डच्या मुख्य यादीत अडतिसाव्या नंबरपर्यंत गेला, 'टेक्सास फ्लड' आणि 'रूड मूड' दोघांना ग्रॅमीची नॉमिनेशन्स मिळाली, पुढे अमेरिकेत वीस लाखांच्या वर खप गेला. हा १९८३ चा हिशोब आहे, रेडिओवर सिंथ पॉपचं राज्य होतं तेव्हाचा.

कुठली आवृत्ती ऐकू?

स्ट्रीमिंगवर पहिली दहा गाणी मूळ क्रमाने ऐका आणि थांबा. १९९९ च्या सीडीत जास्तीचे ट्रॅक आहेत, त्यातलं 'टिन पॅन अॅली' भारी आहे, पण ते 'लेनी'नंतर लागलं की मूळ अल्बमचा शेवटच खराब होतो. २०१३ च्या दोन डिस्कवाल्यात फिलाडेल्फियाच्या रिप्लीज म्युझिक हॉलमधला ऑक्टोबर १९८३ चा कार्यक्रम आहे, तो वेगळ्या दिवशी ऐका, तीच गाणी लोकांसमोर अजून वेगाने.

यानंतर काय?

डबल ट्रबलबरोबर स्टुडिओतले आणखी तीन: १९८४, १९८५ आणि मग दारू-ड्रग्ज सोडून आल्यावरचा १९८९ चा 'इन स्टेप'. ऑगस्ट १९९० मधे विस्कॉन्सिनमधे कार्यक्रम करून परतताना हेलिकॉप्टर कोसळलं आणि गेला, पस्तिसाव्या वर्षी. पण पुढे जाण्याआधी मागे जा असं माझं मत. अल्बर्ट किंग, हाऊलिन वुल्फ, लॅरी डेव्हिस ऐका आणि परत या अल्बमवर या, अर्ध्या गोष्टी तेव्हा ऐकू यायला लागतात.

मी नवशिका आहे, यातलं काय शिकायला घेऊ?

सोलोचे टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेलं) डाउनलोड करू नका. 'प्राइड अँड जॉय'चा फक्त ऱ्हिदम घ्या, अर्ध्या स्पीडला, मेट्रोनोम लावून, आणि पहिले काही दिवस डाव्या हाताने सगळ्या तारा मुक्या करून नुसता उजवा हात चालवा. घरचे वैतागतील, नुसतं चकचक चकचक ऐकून. ते चकचक ऐकून त्यांचा पाय हलायला लागला की मग बेसचे सूर घाला.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर चालेल का?

नाही. टॉमी शॅननचा बेस त्यातून येतच नाही आणि बेस गेला की शफल अर्धा मेला. निदान साधे इअरफोन लावा, आणि चौथं 'टेल मी' एकदा फक्त बेससाठी ऐका, गिटारकडे कान जाईल तेव्हा मुद्दाम परत आणा.